कुस्को फुकटात : तिकीट न काढता इंकांची राजधानी कशी पाहायची

पेरू देशातल्या कुस्कोत उतरणाऱ्या बहुतेकांचा जीव माचू पिक्चूत अडकलेला असतो. विमानतळ, हॉटेल, एक धावती ‘सिटी टूर’ आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी. वास्तविक माचू पिक्चू ही पाचाकुतेक राजाची डोंगरातली खासगी वस्ती. राज्य चालायचं ते कुस्कोतून. आजच्या इक्वेडोरपासून चिले-अर्जेंटिनापर्यंत पसरलेल्या मुलखाच्या चार सुभ्यांचे रस्ते ज्या चौकातून फुटत, तो चौक अजून गावाच्या मधोमध आहे आणि तिथे बसायला पैसे पडत नाहीत. इंकांचं फार उत्तम दगडी काम तर सरळ रस्त्याच्या कडेला उभं आहे. त्याच्या डोक्यावर स्पॅनिशांनी वाडे चढवले, खाली आता स्वेटरची दुकानं आहेत. म्हणून माझा सल्ला असा, की पहिले दोन-तीन दिवस तिकीटखिडकीकडे फिरकूच नका. आधी रस्ते बघा, मग पैसे कुठे घालायचे ते ठरवा.

आधी तिकिटाचं गणित

पेरूचं चलन सोल. एक सोल म्हणजे साधारण पंचवीस रुपयांच्या आसपास. कुस्को आणि परिसरातल्या १६ ठिकाणांचं मिळून ‘बोलेतो तुरिस्तिको’ नावाचं एकत्र तिकीट असतं. परदेशी प्रौढाला ते १३० सोलला पडतं आणि दहा दिवस चालतं. फक्त साक्सायवामान किल्ला आणि त्याच्या आसपासच्या तीन जागा पाहायच्या असतील, तर एका दिवसाचं ७० सोलचं छोटं तिकीट मिळतं. हे दर बदलत असतात, निघण्याआधी एकदा बघून घ्या. कॅथेड्रल आणि कोरिकांचा, म्हणजे सूर्यमंदिराचा आतला भाग, या तिकिटात येत नाहीत. त्यांचे पैसे वेगळे. माचू पिक्चूचा हिशेब तर पूर्णच निराळा. चौघांचं कुटुंब असेल तर पहिल्याच दिवशी किती रक्कम जाते, ते तुम्हीच मांडून पाहा.

साक्सायवामान मी तरीही पैसे देऊन बघेन. तिथल्या अवाढव्य चिऱ्यांना पर्याय नाही. पण ते शेवटी.

उंची आधी, बाकी सगळं नंतर

कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून थोडं जास्तच. लेहला विमानाने उतरलेल्यांना पहिल्या दिवशीचं ते जडावलेलं डोकं आणि दोन पायऱ्यांत लागणारी धाप आठवत असेल; इथेही तसंच होतं. समुद्रकाठच्या लिमाहून विमान तासा-सव्वातासात वर आणून सोडतं, शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून खालचा क्रम मुद्दाम चढाच्या हिशेबाने लावला आहे : पहिला दिवस सपाटीवर, दुसरा अर्ध्या चढावर, तिसरा टेकडीवर. तो उलटा करू नका. पहिल्या दिवशी पोटभर जेवू नका, दारू टाळा, पाणी पीत राहा (नळाचं नको). बऱ्याच हॉटेलांत दाराशीच कोकाच्या पानांचा काढा, ‘माते दे कोका’, फुकट ठेवलेला असतो. चव गवती चहाची नाही, वाळल्या पाल्याची आहे, पण गरम असतो आणि बरा वाटतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असणाऱ्यांनी इथूनच डॉक्टरांशी बोलून निघावं.

मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. दिवसा लख्ख ऊन, रात्री पारा शून्याजवळ. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस जोरात असतो. उंचीवरचं ऊन थंडीत कळत नाही आणि संध्याकाळी नाक सोलून निघतं. टोपी कायम जवळ ठेवा.

पहिला दिवस : चौक आणि दोन भिंती

सकाळी लवकर प्लासा दे आर्मासमध्ये जा आणि बाकावर बसा. इंकांच्या काळी या चौकाचं नाव होतं वाकायपाता आणि तो आजच्याहून बराच मोठा होता. त्याच्यावर समुद्रकिनाऱ्यावरून आणलेली वाळू पसरलेली होती. नंतर एका स्पॅनिश अधिकाऱ्याने ती उपसून कॅथेड्रलच्या बांधकामाला वापरली. पोलो दे ओंदेगार्दो त्याचं नाव, आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. कॅथेड्रलचं काम १५६० ते १६५४ असं जवळजवळ शतकभर चाललं. त्यासाठी साक्सायवामानचे दगडही उतरवून आणले गेले. चौकाच्या दुसऱ्या बाजूचं देखणं चर्च जेझुइटांचं, ‘ला कोम्पान्यिया’. ते वायना कापाक राजाच्या वाड्याच्या जागेवर उभं आहे. दोन्ही इमारती एकमेकींवर कुरघोडी करायला बांधल्यासारख्या दिसतात, आणि खुद्द कुस्कोच्या बिशपची तक्रारही तीच होती.

याच चौकात १५७२ मध्ये शेवटचा इंका, पहिला तुपाक आमारू, याचा शिरच्छेद झाला. त्याचंच नाव घेऊन बंड केलेल्या दुसऱ्या तुपाक आमारूला १८ मे १७८१ रोजी इथेच मारलं. आधी त्याच्या डोळ्यांदेखत पत्नी मिकाएला बास्तिदास हिला मारण्यात आलं, मग घोड्यांना हातपाय बांधून त्याला फाडायचा प्रयत्न झाला. हे माहीत असलं की कारंज्याभोवतीचा फोटोंचा गलका जरा वेगळा ऐकू येतो.

कॅथेड्रलमध्ये सकाळच्या मिस्साला प्रवेश मोफत असतो. पण जायचं तर मिस्सासाठी जावं. मागच्या बाकावर शांत बसायचं, फोन खिशात, टोपी हातात. आत फिरता येत नाही, त्यामुळे मार्कोस सापाताचं ते प्रसिद्ध ‘शेवटचं भोजन’, ज्यात येशूपुढच्या ताटात भाजलेला गिनीपिग आहे, ते पाहायचं असेल तर तिकीट काढूनच जा.

आता ला कोम्पान्यियाकडे तोंड करून उभे राहा. तिच्या डाव्या अंगाला जी अरुंद बोळ आत शिरते ती लोरेतो. दोन्ही बाजूंना इंकांच्या भिंती. डावीकडची आक्यावासीची : राज्यभरातून निवडून आणलेल्या मुली इथे राहून राजासाठी तलम वस्त्रं विणत. आज त्या आवारात ननांचा मठ आहे. वस्ती बदलली, भिंत तीच. सकाळी सातच्या सुमाराला इथे फार कोणी नसतं. भिंतीपाशी नुसतं चालत जाऊ नका, थांबा.

भिंत वाचायची कशी

कुस्को फुकटात बघण्याचं खरं कौशल्य एवढंच आहे, म्हणून इथे थोडा वेळ देतो. आपल्याकडची हेमाडपंती देवळं चुन्याशिवाय, नुसत्या घडीव दगडांवर उभी आहेत, हे आपल्याला नवं नाही. इंकांचंही तसंच, फक्त त्यांच्याकडे लोखंड नव्हतं. घण नाही, छिन्नी नाही. कठीण गोट्यांनी ठोकत ठोकत चिरा घडवायचा, खालच्या दगडावर बसवून पाहायचा, जिथे टेकतो तिथे पुन्हा ठोकायचं. जाँ-पिएर प्रोत्झेन या वास्तुविद्येच्या प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात स्वतः असे दगड घडवून दाखवले. तेव्हा वाटेत कोणी ‘दगड वितळवून ओतले’ किंवा ‘परग्रहावरून आले’ असं सांगायला लागला, तर हसून पुढे चला.

पाहायच्या गोष्टी अशा. पहिली, दरज. दोन चिऱ्यांमधली फट शोधा. कागद जात नाही म्हणतात ते उगाच नाही. दुसरी, भिंतीचा कल. थोडं लांबून पाहिलं की भिंत वर जाताना आत झुकलेली दिसते, आणि कोनाडे-दारंही खाली रुंद, वर अरुंद. भूकंपाच्या मुलखात ही ठेवण कामाला येते. तिसरी, घडणीतला फरक. लोरेतोच्या डाव्या भिंतीत दगड एकसारखे, ओळीत, विटांसारखे आहेत. असं काम देवळं आणि महत्त्वाच्या वास्तूंसाठी. हातुन रूमियोक गल्लीत उद्या जी भिंत दिसेल तिच्यात प्रत्येक दगड वेगळ्या आकाराचा आणि शेजाऱ्यात गुंतलेला. चौथी गोष्ट सगळ्यांत सोपी : जिथे दगडांमध्ये माती-चुना भरलेला दिसतो, तिथून वर स्पॅनिश. एकदा डोळ्याला ही सवय लागली, की सगळं गावच थरांत दिसायला लागतं.

लोरेतो संपवून तसेच पुढे गेलात की सान्तो दोमिंगोचा मठ येतो. हेच कोरिकांचा. स्पॅनिशांच्या कैदेतल्या आताआल्पा राजाच्या सुटकेची खंडणी म्हणून १५३३ मध्ये त्याच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटून नेले गेले. आत जायला पैसे पडतात, पण खालच्या आवेनिदा एल सोल या मोठ्या रस्त्यावरून, बागेच्या पलीकडे, मठाच्या पोटातून बाहेर आलेली गोलाकार काळी भिंत फुकट दिसते. मठाच्या दुसऱ्या अंगाला आवाकपिंता नावाची गल्ली आहे, तिथे सूर्यमंदिराच्या आवाराची लांबच लांब मूळ भिंत आहे. पर्यटक तिकडे क्वचितच वळतात. २१ मे १९५० च्या भूकंपात मठाचा मोठा भाग कोसळला, आतल्या इंका भिंती मात्र उभ्या राहिल्या.

आवेनिदा एल सोलवरच कुस्कोच्या पारंपरिक विणकामाचं केंद्र आहे, ‘सेन्त्रो दे तेक्स्तिलेस त्रादिसिओनालेस’. चिंचेरो गावच्या निल्दा कायान्याउपा यांनी १९९६ मध्ये ते सुरू केलं. आत छोटं संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. खेड्यांतून आलेल्या बायका जमिनीवर बसून, कमरेला पट्टा बांधलेल्या मागावर विणत असतात. निवडुंगावरच्या किड्यांपासून किरमिजी रंग कसा निघतो, त्यात लिंबू पिळलं की तो कसा बदलतो, हे नीट समजून घ्यायला ही जागा चांगली. विकत घ्यायचा कोणी आग्रह करत नाही. किमती बाजारापेक्षा चढ्या आहेत, पण कापडावर विणणारीचं नाव असतं, आणि बाजारातला ‘बेबी अल्पाका’ (लामासारख्या अल्पाका प्राण्याच्या मऊ लोकरीचा म्हणून विकला जाणारा माल) बऱ्याचदा सरळ अॅक्रिलिक असतो. इथलं काम हाताने चाचपून गेलात तर बाजारात फसणार नाही.

खाली उतरताना रस्त्याकडेला खुआन ब्राव्हो या चित्रकाराचं कुस्कोचा इतिहास सांगणारं भलंमोठं भित्तिचित्र लागतं. आणि हा सगळा रस्ता साफी नदीच्या डोक्यावर आहे. नदी खालून बंदिस्त वाहते.

दुसरा दिवस : सान ब्लासचा चढ

चौकातून कॅथेड्रलच्या बाजूने त्रिउन्फो गल्ली वर जाते, तिचीच पुढे हातुन रूमियोक होते. उजव्या हाताला इंका रोका राजाच्या वाड्याची हिरवट दगडांची भिंत; वरचा भाग आर्चबिशपचा वाडा. तिच्यातच तो बारा कोनांचा दगड. शोधावा लागत नाही, जिथे घोळका तिथे दगड. हात लावायला सक्त मनाई आहे; २०२५ मध्ये एका माणसाने हत्याराने घाव घालून त्याचे टवके उडवले, तेव्हापासून हा विषय आणखी नाजूक झाला आहे. खरं सांगायचं तर मला शेजारचे बिनप्रसिद्ध दगड जास्त आवडतात. फोटोची रांग सोडून उजवीकडच्या इंका रोका बोळीत वळा. तिथे भिंतीतले काही दगड मिळून प्यूमाचा आकार होतो असं दाखवतात. दाखवणारा माणूस नंतर पैसे मागतो, हे धरून चाला.

पुढे रस्ता ओलांडला की सान ब्लासची चढण सुरू होते. हा कारागिरांचा मोहल्ला : पांढऱ्या भिंती, निळी दारं, लाकडी सज्जे. इलारिओ मेंदीविल या मूर्तिकाराच्या घराण्याचं दालन चौकातच आहे. त्यांच्या मेरी आणि देवदूतांच्या माना लामासारख्या लांबलचक असतात. आत डोकावायला पैसे नाहीत. चौकाच्या वर पायऱ्या चढून गेलात की कठड्यापासून कौलारू छपरांचं सगळं कुस्को खाली पसरलेलं दिसतं.

सान ब्लासहून परत चौकात उतरू नका. चोकेचाका गल्लीने वरच्या अंगाला गेलात की सापान्तियाना नावाचा वसाहतकालीन जलसेतू लागतो. ओढ्यावर एकावर एक कमानी, भोवती झाडी. तिथून गल्ल्या आणि पायऱ्यांनी विचारत विचारत सान क्रिस्तोबाल चर्चपाशी जा. चर्चसमोरचं पटांगण हा माझ्या मते गावातला उत्तम सज्जा आहे, कारण प्लासा दे आर्मास इथून थेट पायाखाली दिसतो. शेजारी कोल्काम्पाता वाड्याची कोनाड्यांची भिंत उरली आहे. विषुववृत्त फार लांब नसल्याने इथे अंधार साडेपाच-सहालाच पडतो आणि भराभर पडतो. पाच वाजेपर्यंत वर असा. दिवे लागले की रेस्बालोसा या पायऱ्यांच्या उताराने सरळ चौकात उतरता येतं. दगड गुळगुळीत आहेत, पावसात हा मार्ग नको.

तिसरा दिवस : टेकडीवर

आता दम पुरेल. हात पसरलेला पांढरा येशू, क्रिस्तो ब्लांको, गावातून कुठूनही दिसतो. १९४५ साली कुस्कोत आसरा मिळालेल्या पॅलेस्टिनी अरबांनी कृतज्ञता म्हणून तो भेट दिला. तिथे जायला तिकीट नाही. फक्त वाट नीट निवडा. सान क्रिस्तोबालवरून जाणारी वाट साक्सायवामानच्या चौकीवरून जाते आणि तिथे तिकीट तपासतात. सान ब्लासच्या बाजूने वर जाणाऱ्या पायऱ्या धरा आणि भेटेल त्याला ‘क्रिस्तो ब्लांको?’ एवढंच विचारा. वरून एका अंगाला सगळं खोरं आणि दुसऱ्या अंगाला साक्सायवामानच्या नागमोडी तटांची झलक मिळते.

तिथून केन्को या इंका अवशेषांच्या दिशेने पुढे मोकळ्या माळावर ‘तेम्प्लो दे ला लूना’, चंद्रमंदिर, आहे. बांधलेलं देऊळ नाही. एक मोठा खडक, त्यात गुहा, आत कोरलेला चौथरा आणि वरच्या फटीतून येणारा उजेड. प्रवेशद्वारावर झिजलेला साप आणि प्यूमा कोरलेले दिसतात. इथे तिकीट नाही, गर्दी नाही, दुकानही नाही, म्हणून पाणी आणि खाऊ घेऊन निघा. लोक अजूनही इथे कोकाची पानं वाहतात. ती हलवू नका. एकट्याने जाऊ नका आणि तीनच्या आत परतीला लागा.

पोटाचं

फुकटातलं नाही, पण स्वस्तातलं म्हणून सान पेद्रो बाजार. आत फिरायला पैसे लागत नाहीत. बटाट्यांचे आणि मक्याचे प्रकार पाहूनच तासभर जातो. ओरोपेसा गावाहून येणारा घमेल्याएवढा गोडसर पाव घ्या. फळांच्या रसाच्या गाळ्यावर ग्लास संपला की ‘यापा?’ म्हणा, भांड्यात उरलेला रस पुन्हा ओतून देतात, ते हक्काचं आहे. शाकाहारी मंडळींनी ‘सिन कार्ने, सिन पोयो’ असं दोन्ही म्हणावं, कारण कोंबडी हे इथे मांसात धरत नाहीत, आणि किन्वाचं सूपही बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजलेलं असतं. उकडलेलं कणीस आणि त्यासोबत चीजचा तुकडा, ‘चोक्लो कोन केसो’, हा निर्धास्त पर्याय. मोबाइल पुढच्या खिशात.

सण जुळून आला तर

तारखा जुळवता येत असतील तर कुस्कोचं सगळ्यांत मोठं दर्शन फुकटच आहे. ईस्टरच्या आधीच्या सोमवारी ‘सेन्योर दे लोस तेम्ब्लोरेस’, भूकंपांचा स्वामी, ही काळवंडलेली क्रूसमूर्ती मिरवतात. १६५० च्या भूकंपात तिनेच गाव वाचवलं अशी श्रद्धा. लोक तिच्यावर लाल न्युक्चू फुलांचा वर्षाव करतात आणि संध्याकाळी चौकात मुंगीलाही जागा नसते. ईस्टरनंतर साधारण दोन महिन्यांनी कॉर्पुस क्रिस्ती. वेगवेगळ्या चर्चमधल्या १५ संत आणि मेरीमूर्ती पालखीसारख्या खांद्यावर घेऊन, बँड वाजवत कॅथेड्रलमध्ये मुक्कामाला येतात. आपल्याकडच्या माणसाला यात समजावून सांगावं लागत नाही.

२४ जूनला इंती राइमी. १५७२ मध्ये बंदी आलेला हा सूर्योत्सव १९४४ पासून नाट्यरूपात पुन्हा होतो. साक्सायवामानवरच्या खुर्च्यांचं तिकीट महाग असतं. पण सुरुवात कोरिकांचाच्या बागेत आणि मधला भाग प्लासा दे आर्मासमध्ये होतो, ते दोन्ही फुकट. जागा मिळवायला दोन-तीन तास आधी उभं राहावं लागतं. स्थानिक लोक शिदोरी घेऊन किल्ल्यासमोरच्या टेकड्यांवर बसतात. ते जमलं नाही तरी जूनचा बहुतेक महिना चौकात शाळा-कॉलेजांच्या नाचांच्या मिरवणुका चालूच असतात. २४ डिसेंबरला त्याच चौकात सान्तुरान्तिकुइ, मूर्तींचा बाजार, भरतो. आणि काहीच जुळलं नाही तर रविवारी सकाळी चौकात झेंडावंदन आणि संचलन असतं. तिथला इंद्रधनुष्यी झेंडा हा कुस्को शहराचा आहे.

‘फुकट’ म्हणजे किती?

‘फ्री वॉकिंग टूर’ छान असतात, पण शेवटी टोपी फिरते. वाटाड्याचं पोट त्याच बक्षिसीवर असतं, तेव्हा द्यायचं नसेल तर जाऊ नये. रंगीत कपड्यांत कोकरू किंवा अल्पाकाचं पिल्लू घेतलेल्या बायका आणि सोनेरी पोशाखातले ‘इंका’ फोटोचे पैसे घेतात. आधी रक्कम ठरवा, सुटे सोल जवळ ठेवा. सार्वजनिक स्वच्छतागृहांनाही सुटी नाणी लागतात. चौकात मालिशवाल्या आणि सहलवाल्या मुली सतत पत्रकं पुढे करतात. ‘नो, ग्रासियास’ म्हणायचं आणि चालत राहायचं.

कोकाची पानं इथे बाजारात उघड विकतात, पण भारतात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. पुडी, चहाच्या पिशव्या, कोकाची चॉकलेटं, काहीही बॅगेत ठेवून घरी आणू नका. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर तिथेही तोच प्रकार. आणखी एक गोष्ट निघण्याआधीची : पेरू हा भारताच्या पीतज्वराच्या यादीतला देश आहे. लसीचं प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी.